लॅमिनेट केलेलं बी.एड.

थाई बिन, व्हिएतनाम
रविवार, १७ ऑगस्ट

तात्या, नमस्कार.

'तीर्थस्वरूप'पासून 'विनंती विशेष'पर्यंतचं सगळं तुम्ही मनातल्या मनात वाचून घ्या. मी चिडलेली आहे, आणि चिडल्यावर मला एवढी लांब ओळ नीट लिहिता येत नाही.

छकुलीनं तुमचा निरोप दिला. "फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं म्हणावं. काय सांगायचं आसंल ते कागदावर सांगा." ठीक आहे. कारखान्याच्या शेतकी खात्यात तीस वर्षं स्लीपबॉय होतात, ऊसतोडीच्या चिठ्ठ्या फाडण्यात जन्म गेला, तेव्हा सुनेशीही तुम्ही कागदावरच बोलणार. मी हातानं लिहीन, फोटो काढून छकुलीला पाठवीन. ती एमआयडीसीतल्या तिच्या ऑफिसात प्रिंट काढील आणि रविवारी जळोचीवरून माहेरी सणसरला येताना तुम्हाला आणून देईल. सासऱ्यानं सुनेला "पोचलात का?" एवढं विचारायला हा सगळा खटाटोप. तुम्हाला सोयीचं वाटत असेल तर माझी हरकत नाही.

तर, पोचलो. गुरुवारी दुपारी. आईंनी दिलेला तीन किलो काळा मसाला विमानतळावरच्या बाईनं पिशवी उघडून हुंगला आणि तिला ज्या शिंका लागल्या त्या आम्ही दाराबाहेर पडेपर्यंत ऐकू येत होत्या. सौरभनं (तुमच्यासमोर 'हे' म्हणायचं असतं, पण कागदावर कोण ऐकतंय) कुकर आणलाय. पाच लिटरचा, हट्टानं, स्वतःच्या कपड्यांमध्ये गुंडाळून. शिट्टी सणसरला राहिली. "शिट्टीचं काय एवढं, इथं कुठंतरी मिळंल की," असं म्हणून तो तीन दिवस बाजारात फिरतोय आणि दुकानदारांना तोंडानं शिट्टी वाजवून दाखवतोय. काल एकानं त्याला पिंजऱ्यातला पक्षी आणून दाखवला.

खोली चौथ्या मजल्यावर आहे. हवा इतकी दमट की गुरुवारी धुतलेला टॉवेल अजून ओला आहे. रस्त्यावर मोटारसायकली एवढ्या, की एमआयडीसीची शिफ्ट सुटल्यावर फाटा ओलांडणं परवडलं. आणि इथं कोपऱ्याकोपऱ्यावर उसाचा रस मिळतो, हे ऐकून तुम्हाला बरं वाटेल. त्यात लिंबापेक्षा लहान असं एक आंबट फळ पिळतात. सौरभनं पहिला घोट घेतला आणि रसवाल्या बाईला चक्क मराठीत सांगितलं, "मावशी, हा दोनशे पासष्ट नंबर उसाचा रस न्हाय बरं का." त्या बाईंनी हसून त्याला आणखी बर्फ दिला. मग त्यानं तो घोट घोट करून संपवला आणि दुसरा ग्लास मागितला. मला वाटतं त्याला घर आठवलं.

शाळा गुलाबी रंगाची, दोन मजली. चालवणाऱ्या बाईंना हाँ मॅडम म्हणतात. लहान मुलांना इंग्रजी शिकवायचं. आम्ही दोघंही शिकवायला लागलो आहोत आणि सगळं व्यवस्थित चाललं आहे.

आता राग येण्याचं कारण. आम्ही निघालो त्या दिवशी गाडी दारात दीड तास उभी होती. आईंनी ओटी भरली, छकुलीनं दोनदा रडून घेतलं, शेजारचे आबासाहेबसुद्धा काठी टेकत येऊन गेले. आणि तुम्ही बांध बघायला रानात गेलात. भर दुपारी तो बांध कुठं पळून चालला होता, हे मला कुणीतरी सांगावं. हे परदेशाचं सगळं सौरभच्या हट्टापायी झालंय, तुम्हाला माहीत आहे. मग माझ्या नमस्काराला तरी तुम्ही थांबायला हवं होतं.

रोहिणी


थाई बिन
गुरुवार, २१ ऑगस्ट

तात्या,

मागच्या पत्रात एक गोष्ट खोटी लिहिली होती. 'आम्ही दोघंही शिकवतोय' ही. शिकवतो तो एकटा सौरभ. मी ऑफिसात बसून पुठ्ठ्याचे तुकडे कापते. सफरचंद, चेंडू, मांजर. काल एका दिवसात चाळीस मांजरं कापली.

सौरभचं इंग्रजी कसं आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. बारामतीच्या क्लासमध्ये तो पोरांना फळ्यावर नियम लिहून द्यायचा आणि शंका मला फोन करून विचारायचा. तो आता वर्गात उड्या मारतो, बेडूक होतो, मुलं त्याच्या गळ्यात पडतात. आणि जळोचीच्या शाळेत सहा वर्षं मान मोडून शिकवलेली मी, कात्री घेऊन बसलेय. शेजारच्या खोलीतून त्याचं चुकीचं वाक्य ऐकू येतं आणि मला तिथून ओरडतासुद्धा येत नाही.

कारण सांगते. इथं परक्या माणसाला शिकवायचं तर सरकारी परवाना लागतो. परवान्याला मूळ प्रमाणपत्र लागतं, आणि त्यावर आपल्याकडचे शिक्के लागतात. आधी विद्यापीठ, मग मुंबई, मग दिल्ली. सौरभचे कागद फायलीत होते, त्यामुळे त्याचे शिक्के निघायच्या आधीच झाले. माझं बी.एड. मात्र आपल्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर आहे. मी त्याचा मोबाइलवर फोटो काढून बारामतीच्या एजंटला दिला होता. तो म्हणाला, "मॅडम, फोटो चालतोय की." इथं आल्यावर हाँ मॅडमनी तो फोटो बघितला. त्यात काचेवर ट्यूबलाइट चमकतेय आणि कोपऱ्यात माझा अर्धा हात आलाय. त्यांनी विचारलं, "हा कागद आहे की आरसा?"

त्यांनी पंचेचाळीस दिवस दिले आहेत, आलो त्या दिवसापासून. म्हणजे अठ्ठावीस सप्टेंबर. तोपर्यंत शिक्के मारलेलं मूळ प्रमाणपत्र आलं तर मी शिक्षिका. नाही आलं तर माझा व्हिसा संपेल आणि मला परत जावं लागेल. सौरभला नाही, मला.

तेव्हा ती फ्रेम उतरवा. काच काढा, आतला कागद छकुलीकडे द्या. ती एजंटकडे पोचवेल. एवढंच काम आहे. दहा मिनिटांचं. त्यासाठी तुम्हाला माझ्याशी बोलावंही लागणार नाही.

रोहिणी


थाई बिन
मंगळवार, २६ ऑगस्ट
(कुरिअरने)

तात्या,

छकुली रविवारी येऊन गेली. तुम्ही पत्र वाचलंत, घडी घातलीत, खिशात ठेवलंत आणि तंबाखूची डबी काढलीत. फ्रेमला हात लावला नाहीत. शेवटी तिनंच स्टुलावर उभं राहून फ्रेमचा अगदी जवळून फोटो काढला आणि एजंटला दाखवला. मग एजंटनं जे सांगितलं ते ऐकून मी इथं ऑफिसातली खुर्ची सोडून जिन्यात जाऊन बसले.

लॅमिनेशन! तात्या, ते लॅमिनेट केलेलं आहे!

प्लास्टिक लावलेल्या कागदावर शिक्का उठत नाही. विद्यापीठ घेत नाही, मुंबई घेत नाही, दिल्लीचं तर नावच नको. प्लास्टिक सोलायला गेलं तर अक्षरं त्याच्याबरोबर निघून येतात. एजंट म्हणाला, त्याच्याकडे दहातले चार जण असंच घेऊन येतात, आणि चौघांच्याही घरी कुणीतरी वडीलधारं माणूस असतं. ते कौतुकानं कागद बगलेत मारून एसटी स्टँडसमोरच्या दुकानात जातं.

तुम्ही काय लॅमिनेट केलं नाहीत, सांगा. रेशनकार्ड केलं. सातबारा केला, तो तर दर वर्षी नवा काढावा लागतो. आमची लग्नपत्रिका केली. आईंच्या चष्म्याचा नंबर लिहिलेली चिठ्ठी केली. पाण्याच्या मोटारीचं गॅरंटी कार्ड केलं, आणि मोटार जळाल्यावर दुकानदार म्हणाला, "तात्या, आता मी सही कुठं करू?" तेव्हाच मला समजायला हवं होतं. पण मी हसले होते. सगळ्यांना सांगत सुटले होते, आमचे मामंजी आम्हालाही एक दिवस प्लास्टिकमध्ये घालतील.

आता उपाय एकच आहे. चौकशी करून घेतलीय:

१. खराब झालेलं मूळ प्रमाणपत्र विद्यापीठात परत जमा करायचं. ते परत मिळत नाही.
२. ते कसं खराब झालं याचं प्रतिज्ञापत्र करायचं.
३. माझ्या वतीनं अर्ज देण्याचं अधिकारपत्र, माझ्या सहीचं, या पाकिटात आहे. तुमच्या नावानं केलंय, कारण घरात पुण्याला जाऊन खिडकीवर भांडू शकणारं दुसरं कुणी नाही.
४. दुसरी प्रत मिळायला वेळ लागेल, पण अर्जाची पावती मिळाली तरी हाँ मॅडम मला आणखी तीस दिवस देतील. पावती अठ्ठावीसच्या आत हवी.

क्रमांक घालून लिहिलंय म्हणजे तुम्हाला अडचण नको.

उद्या गणपती. आईंना सांगा, इथं दुर्वा मिळाल्या नाहीत, पण सौरभनं शाळेच्या मैदानातून काहीतरी हिरवं उपटून आणलंय आणि तो म्हणतोय की देवाला चालतं. त्याच्याशी वाद घालायची माझ्यात ताकद नाही.

रोहिणी


थाई बिन
शुक्रवार, ५ सप्टेंबर

तात्या,

कुरिअर कंपनी म्हणते पाकीट मंगळवारी पोचलं आणि सर्जेराव नावाच्या माणसानं सही करून घेतलं. आज शुक्रवार. छकुलीला फोन केला तर ती म्हणते, "वहिनी, मी आईला विचारलं. तात्या काय बोलंनात. बुधवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं कुठंतरी गेले आन् दिवे लागायला आले. आईला वाटतंय इंदापूरला बाजाराला गेले आसतील. पर पिशवी रिकामी आणली." म्हणजे बाजारात जायला तुम्हाला वेळ आहे.

आज आपल्याकडे शिक्षक दिन. जळोचीच्या शाळेत आज पोरींनी साड्या नेसून वर्ग घेतले असतील. इथं आज नव्या शालेय वर्षाचा समारंभ होता, झेंडे, ढोल, फुगे. सौरभला पुष्पगुच्छ मिळाला. मला ते फुगे फुगवायला दिले होते.

काल एक गोष्ट झाली. बेडूक होऊन होऊन सौरभचा घसा बसला, आवाजच फुटेना. हाँ मॅडम बाहेर गेल्या होत्या. मी कात्री ठेवली आणि त्याच्या वर्गात गेले. चोवीस मुलं. मी त्यांना जळोचीला शिकवायचे तसं शिकवलं. एकानं पिशवीत हात घालायचा, न बघता चाचपडायचं आणि वस्तूचं नाव सांगायचं. माझ्या पिशवीत काय असणार? लसणाचा गड्डा, किल्ली, कंगवा, आणि आईंनी ओटीत घातलेली हळकुंडं. एका बारक्या मुलीनं हळकुंड चाचपलं, नाकाला लावलं आणि मला विचारलं, "टीचर, हे काय आहे?" पूर्ण वाक्यात, न चुकता. तिला टीचर म्हणायला कुणी सांगितलं नव्हतं. वीस मिनिटं मी त्या वर्गात होते. मग हाँ मॅडम आल्या, दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी मला खुणेनं बाहेर बोलावलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, तपासणीला कुणी आलं तर शाळा बंद होईल, कागद आणा.

मी संडासात जाऊन रडले. तुम्हाला हे कागदावर हवं होतं ना, घ्या.

सौरभ म्हणतो, "चल, दोघंबी परत जाऊ. तात्या त्याचीच तर वाट बघत्यात." मलाही तसंच वाटायला लागलंय. प्रमाणपत्र भिंतीवर राहिलं की सून परत येते, सून आली की मुलगा येतो. तुम्ही काही करायचंच नाही, नुसतं गप्प बसायचं. तीस वर्षं लोक तुमच्या ओट्यावर येऊन बसायचे, तात्या आमची तोड कधी लावताय म्हणून. तुम्ही अडकित्त्यानं सुपारी कातरत गप्प बसायचात. माझ्याशीही तुम्ही तेच करताय. एवढा हेकट माणूस मी दुसरा पाहिला नाही. लिहिलं. खोडणार नाही.

पण मग दुसरीही गोष्ट लिहायला हवी, नाहीतर हा कागद अर्धाच राहील.

मे महिन्यात जेवताना तुम्ही विचारलं होतं, "ही कुणाची कल्पना?" सौरभ म्हणाला, "माझी." तुम्ही ताटावरून उठलात आणि तेव्हापासून त्याच्याशी बोलला नाहीत. मी त्या वेळी भाकरी वाढत होते. मी गप्प बसले. तात्या, कल्पना माझी होती. जाहिरात मी पाहिली, अर्ज मी भरला, सौरभला तीन महिने मी समजावलं. त्याला तर इंदापूरच्या पलीकडे राहायचंच नव्हतं. मला भीती वाटली, की हे मी बोलले तर तुम्ही म्हणाल, ज्या पोरीला मी शिकवली तीच पोरगं घेऊन गेली.

कारण शिकवलीत तुम्हीच. लग्नानंतर मी बी.एड.चं नाव काढलं तेव्हा आबासाहेब म्हणाले होते, "सुनंला शिकवून काय कारखाना काढणार का?" दोन वर्षं रोज सकाळी तुम्ही मला गाडीवरून फाट्यावर एसटीला सोडलंत. संध्याकाळी बस उशिरा आली तर तिथंच दगडावर बसून राहायचात. निकाल लागला त्या दिवशी तुमचा निवृत्तीच्या सत्काराचा फोटो तुम्ही खिळ्यावरून काढलात आणि तिथं माझं प्रमाणपत्र लावलंत. आल्यागेल्याला चहाआधी ते दाखवायचात. म्हणून मी ते काढून मागू शकले नाही. तुम्ही रानात गेल्यावर स्टुलावर चढून फोटो काढला, तुम्ही यायच्या आत उरकायचं होतं, म्हणून तो असा आलाय.

एवढंच. आता करायचं ते करा.

रोहिणी


सणसर, ता. इंदापूर
सोमवार, दि. ८ सप्टेंबर

चि. रोहिणीस अनेक आशीर्वाद.

विषय: तुझी पत्रे.
संदर्भ: दि. १७, २१, २६ ऑगस्ट व ५ सप्टेंबर, एकूण चार.

वरील विषयास अनुसरून कळवतो की तुझं कुरिअर मंगळवारी मिळालं. घरात गौरी विसर्जनाची गडबड होती म्हणून त्या दिवशी काही करता आलं नाही. बुधवारी पहिल्या गाडीनं पुण्याला गेलो. इंदापूरला नाही. घरी लीलाबाईला सांगितलं नाही, कारण तिला सांगितलं की गावाला सांगायची गरज राहत नाही.

खिडकीवर एक बाई होत्या. त्यांनी विचारलं, "आजोबा, हे प्लास्टिक कुणी लावलं?" मी म्हणलं, "मी लावलं." त्या म्हणल्या, "कशाला हो?" मी म्हणलं, "पोरीची डिग्री हाय. पावसाळ्यात आमची भिंत वलावती." त्या बाईंनी फॉर्म दिला आणि सही कुठं करायची तिथं पेन्सिलीनं खूण केली.

बाहेरचा टायपिंगवाला म्हणत होता, "हरवलं म्हणून लिवा, लवकर काम हुतंय." मी म्हणलं, हरवलं न्हाय. माझ्या हातनं खराब झालं, सुनंचा काय दोष न्हाय, आसं लिव. त्याप्रमाणे लिहून मी सही केली. मूळ कागद त्यांनी ठेवून घेतला. माझ्याम्होरं त्यावर लाल पेनानं आडवी रेघ मारली. ती बघायला मी थांबायला नको होतं. पावती सोबत जोडली आहे. छकुली काल रात्री इथंच राहिली आहे, ती फोटो पाठवील. पावतीला प्लास्टिक लावलेलं नाही.

आता तुझ्या चौथ्या पत्राचं. ते काल रविवारी मिळालं, काम त्याच्या आधीच झालं होतं, ही नोंद घ्यावी.

कल्पना तुझी हाय हे मला तवाच ठाऊक होतं. सौरभला आजवर एक कल्पना सुचल्याचं मला आठवत न्हाय. त्यानं तुझ्यासाठी ती अंगावर घेतली, म्हणून ताटावरनं उठलो. तिथं बसलो असतो तर त्याला शाबासकी द्यावी लागली असती.

राग कशाचा ते सांगतो. जून महिन्यात एका बुधवारी मी रानातनं आलो. बाहेरच्या खोलीत स्टूल भिंतीला लागून व्हतं, त्याच्यावर ओल्या पायाची बोटं उमटल्याली. फ्रेमची काच लख्ख पुसल्याली. ती काच मी दर शनिवारी पुसतो. बुधवारी कोण पुसणार? तवाच कळलं, हिला डिग्री पायजे. मी वाट बघितली. आज मागंल, उद्या मागंल. गाडी दारात येईस्तवर वाट बघितली. तू मागितली न्हाईस. खिळ्यावरनं काढून तुझ्या हातात द्यायची व्हती, एवढंच माझ्या मनात व्हतं. मग मी बांधावर गेलो. बांधाला काय झालं नव्हतं.

माझ्या घरात, माझ्या सुनंनं, स्वतःची डिग्री चोरागत टिपून न्यावी, एवढा मी वाईट हाय काय?

आणखी एक. तुझ्या कुरिअरात यादी हाय, एक ते चार. मागणी कुठंच न्हाय. तीस वर्षांत मी अर्ज आल्याशिवाय कुणाच्या उसाला तोड दिली नाही, आबासाहेब माझा मावसभाऊ असून दिली नाही. तुझं काम अर्ज नसताना केलं. तरी कृपया अर्ज पाठवावा. फायलीला लागतो.

हेकट म्हणून लिहिलंस ते वाचलं. लीलाबाईला वाचून दाखवलं, ती म्हणाली, पोरगी शिकल्याली हाय, खरं तेच लिवणार.

सौरभला सांग, शिट्टी चुलीमागं सापडली. पाठवतो. त्याला पक्षी विकत घेऊ देऊ नकोस.

सर्जेराव


थाई बिन
मंगळवार, ९ सप्टेंबर

प्रति,
मा. सर्जेराव तात्या,
शेतकी खाते (निवृत्त),
मु. पो. सणसर, ता. इंदापूर, जि. पुणे

विषय: भिंतीवरची डिग्री मिळण्याबाबत.

महोदय,

मी खाली सही करणार रोहिणी, आपल्या घरची सून, विनंतीपूर्वक अर्ज करते की, बाहेरच्या खोलीतल्या खिळ्यावर असलेली माझी बी.एड.ची डिग्री मला परदेशी शिकवण्यासाठी हवी आहे. तरी ती आपल्या हातानं काढून माझ्या हातात द्यावी. हा अर्ज मी जून महिन्यात, स्टुलावर चढण्याआधी, आपल्यासमोर उभी राहून करायला हवा होता. तो उशिरा केल्याबद्दल मी माफी मागते. आपण वाईट नाही. मी घाबरट निघाले.

आपण पाठवलेली पावती आज सकाळी हाँ मॅडमना दाखवली. त्यांनी तीस दिवस वाढवून दिले. कात्री अजून माझ्याकडेच आहे, पण त्या बारक्या मुलीनं आज ऑफिसच्या खिडकीतून हात आत घालून विचारलं, पिशवी कुठं आहे?

अर्जासोबत आणखी एक मागणी आहे. नवी प्रत आली, तिच्यावर तिन्ही ठिकाणचे शिक्के बसले, परवाना झाला, की तो कागद मी स्वतः सणसरला घेऊन येणार आहे. तोपर्यंत तो खिळा कुणी काढू नये. त्यावर आपला सत्काराचा फोटो परत लावायला माझी हरकत नाही, पण त्या वेळी तो बाजूला घ्यावा लागेल.

खाली 'आपली आज्ञाधारक' असं लिहायची पद्धत आहे. पण कागदावर खोटं लिहायचं नसतं, हे मी या आठवड्यात शिकले, म्हणून नुसतंच

आपली,
रोहिणी